बसवलेला माणूस

पियुषने स्टीलचा डबा जमुनाच्या तोंडावर हाणला आणि तिचा पुढचा दात वरणात जाऊन पडला.

मंजुषा फळ्याकडे तोंड करून बेरजा लिहीत होती. डब्याचा आवाज झाला, पण रडण्याचा आला नाही, म्हणून ती वळली. जमुना रडत नव्हतीच. तिने पियुषचं मनगट दातांत धरलं होतं आणि उरल्यासुरल्या दातांनी ती ते सोडत नव्हती. दोघांच्या हनुवटीवरून, हातावरून, सतरंजीवरून रक्त चाललं होतं. कोणाचं कोणतं ते देवालाच ठाऊक.

मंजुषाने आधी जमुनाचा जबडा सोडवला आणि मग पियुषच्या थोतरीत दोन दिल्या. पियुष तिचाच पोरगा. वर्गात तो तिला मॅडम म्हणायचा आणि घरी मम्मी. मार खाताना मात्र त्याच्या तोंडून "मम्मी" निघालं आणि सगळा वर्ग हसला.

"काय झालं होतं?"

"मॅडम, हा म्हने पुनर्वसनवाले उंदरं खातात," मागून कोणी सांगितलं. "मंग जमुना म्हने, तुयी माय खाते. मंग यानं हानलं."

खापरधरी हे गाव हिवरखेडच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. वर मेळघाटातलं कोरकूंचं एक गाव वाघांच्या राखीव जंगलात गेलं, तेव्हा सरकारने ते उचलून खापरधरीच्या शिवाराला लागून खाली आणून ठेवलं. कागदावर त्याला पुनर्वसन म्हणतात. खापरधरीने त्या शब्दाचं त्या माणसांचं आडनावच करून टाकलं. पुनर्वसनाची बाई, पुनर्वसनाचा पोट्टा, पुनर्वसनाचं कुत्रं. मंजुषाला हे सारं दोन्हीकडून ऐकू येई, कारण शाळेत ती बाई होती आणि गावात भगवंतरावांची मोठी सून. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी निघायची ती भगवंतरावांची. त्यांच्या आज्यापासूनचा मान होता तो.

रक्त पुसून झाल्यावर मंजुषाने ठरवलं की या पोरांना एकमेकांची ओळख करून द्यायची. आदिवासी दिवस तोंडावर आलाच होता.

हेडसरांचं नियोजन तयार होतं. "पुनर्वसनाच्या पोट्ट्यांले पानं गुंडाळा, डोक्याले मोरपीस खोसा, दोन गाने नाचवा. फोटो काढू, वरती पाठवू."

"सर, जमुना कधी पानं गुंडाळून शाळेत आली का? ती फ्रॉक घालून येते."

"तुमी लय इचार करता बाप्पा मॅडम."

मंजुषाने पानं गुंडाळली नाहीत. तिने जमुनाला फळ्यापाशी उभं केलं आणि म्हटलं, आज तू बाई. ओठ सुजलेली जमुना आधी भिंतीकडे बघत राहिली, मग बोलायला लागली. पाणी म्हणजे डा. घर म्हणजे ऊरा. वाघ म्हणजे कुला.

वर्ग फुटला. पोरं एकमेकांच्या ढुंगणावर चापट्या मारून "कुला, कुला" म्हणत लोळायला लागली. जमुना थांबली. हसणं जरा उतरल्यावर म्हणाली, "हासा. म्होरं आला म्हंजे हासजा."

आता सगळे तिच्या बाजूने हसले, पियुषही.

"आणि कोरकू म्हणजे?" मंजुषाने विचारलं.

"कोर म्हंजे मानूस. कोरकू म्हंजे मानसं."

"मंग आमी कोन?" पियुष म्हणाला.

जमुनाने खरंच विचार केला. "तुमी खापरधरीवाले."

दुसऱ्या दिवशी मंजुषा तिसरी-चौथीची सगळी पोरं घेऊन वस्तीवर गेली. जमुनाची आजी तानुबाई मोहाच्या झाडाखाली वाट पाहत बसली होती. तिच्याशेजारी, मातीत रोवलेला, पोरांच्या छातीइतका उंच सागवानी खांब होता. त्यावर सूर्य कोरला होता, चंद्र कोरला होता आणि मधोमध घोड्यावर बसलेला एक माणूस, हात वर केलेला, जणू लांबून कोणाला हाक मारतो आहे. याला मुंडा म्हणतात. मेलेल्या माणसाचं सारं विधिवत करून, बोकड कापून, नाचून-गाऊन त्याला त्या खांबात बसवतात. तानुबाईने हे सगळं आपल्या मोडक्या वऱ्हाडीत सांगितलं, आणि खांबाच्या पाठीवर अशी थाप मारली जशी बाई नवऱ्याच्या पाठीवर चारचौघांत कधी मारत नाही.

"हा माया बुढा. देवमन. खाली येऊन पयला मेला तो हाच. आमचे सारे मेलेले वरतीच राह्यले जंगलात. याले इथं बसवलं, तवा ही जागा आमची झाली. नाईतर काय, सरकारनं कुठंबी टाकलं असतं."

"हात लावू काय?" पियुषने विचारलं.

"लाव. पन हालवू नको. बसवलेल्या मानसाले उठवत नसतात. उठवलं का तो घर पाहत फिरते."

पोरं गप्प झाली होती. असं गप्प होणं मंजुषाला वर्गात वर्षभरात मिळालं नव्हतं. ते हातचं जाऊ नये, पोरांच्या मनात आदर बसावा, म्हणून ती पटकन म्हणाली, "पाया पडा सगळे. हा यांचा देव आहे."

तानुबाईने तिच्याकडे पाहिलं. खांबावरचा हात काढून घेतला. पोरं मात्र रांगेने वाकली. पियुषने तर कपाळ मातीला टेकवलं. येताना तो आणि जमुना एकाच बांधावरून मागेपुढे चालत होते, आणि मंजुषाला वाटलं, आपल्या श्रावणाचं सार्थक झालं.

देव. पोरांना समजेल असा सोपा शब्द होता तो. त्याच शब्दाने पुढे तीन बोटं गेली, एक गाल फाटला, आणि घर गेलं ते वेगळंच.

पोळ्याच्या दोन दिवस आधी आखरावरचा, म्हणजे गुरं जमतात त्या गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवरचा, तोरणाचा एक खांब वाळवीने आतून पोखरलेला निघाला. मंजुषाचा दीर कुलदीप आणि त्याची दोस्त मंडळी यांच्याकडे तोरणाचं काम असे. रात्री जेवताना कुलदीप कुरकुरत होता, की गावात एक धड लाकूड उरलं नाही. पियुष म्हणाला, "काका, पुनर्वसनात सागाचा देव हाय. त्याच्यावर घोडा कोरेल हाय. लय भारी. आमी पाया पडलो."

मंजुषा तव्यावर पोळी उलटत होती. तिच्या कानावर हे पडलं आणि तिला बरंच वाटलं.

आपल्याकडे देवाला बोलावतात. नाचवतात, पालखीत बसवून गावभर मिरवतात, दीड दिवसाने पाण्यातही सोडतात. देव येतो. देवाची हरकत नसते. कुलदीपच्याही मनात काही वाकडं नव्हतं. पोळ्याच्या दिवशी उजाडता उजाडता तो चार पोरं आणि ट्रॅक्टर घेऊन गेला, मोहाखालचा मुंडा उपटला आणि त्या खड्ड्यात मानाचा नारळ ठेवून आला. आखरावर आणून त्याने तो नव्याने रोवला, गेरूने रंगवला, हळद-कुंकू लावलं, वर बांबू बांधून उंची वाढवली आणि त्याला आंब्याच्या पानांचं तोरण ताणलं. लोक म्हणाले, वा, यंदा तोरण लय पवित्र झालं.

मंजुषा औक्षणाचं ताट घेऊन आखरावर आली तेव्हा बैल रांगेत लागले होते. शिंगांना रंग, पाठीवर आरशांच्या झुली, गळ्यात घुंगरमाळा. सगळ्यांत पुढे भगवंतरावांची ढवळी जोडी. पियुष गर्दीतून धावत आला, आनंदाने लाल झालेला.

"मम्मी, पाय! देवमनबा पोयाले आले!"

तिने तोरणाकडे पाहिलं. गेरूखालून घोड्यावरचा माणूस हात वर करून पाहत होता.

"भाऊजी, हा खांब कुठून आणला?"

"वैनी, तुमीच त सांगतलं पोट्ट्यांले देव हाय म्हून," कुलदीप हसत म्हणाला. "देवाले मान देल्ला. वाईट काय झालं?"

ती सासऱ्यांकडे धावली. "मामाजी, हे थांबवा. तो खांब त्यांच्या घरचा माणूस आहे. आत्ता परत नेऊन द्या."

भगवंतरावांनी फेट्याचा शेमला मागे टाकला. "बैल उभे हायेत, सूनबाई. पोया फुटू दे, मंग पाहू."

पोळा फुटायच्या आतच ते आले. जमुनाचा बाप सहदेव पुढे, मागे वस्तीतले दहा-बारा गडी, आणि सगळ्यांच्या मागे अनवाणी तानुबाई. गडी गवत कापता कापता तसेच उठून आले होते, काहींच्या कमरेला विळे होते. सहदेव सरळ खांबापाशी गेला. त्याने गेरूवर बोट फिरवलं, ते लाल बोट बघितलं आणि म्हणाला, "माया बा द्या."

"कोन बा?"

"हा. देवमन."

लोक हसले. कुलदीप पुढे आला. "अबे, आमी त्याले देव म्हून आनलं. हयद लावली, कुकू लावलं. तुमी कधी लावलं होतं का?"

"देव नाई तो. बा हाय माया."

"मंग चांगलंच हाय ना! बापाले पोयाचं आवतन देल्लं म्हन!"

पोळ्यात झडत्या म्हणायची रीत आहे, एकाने टोमणा जुळवायचा आणि सगळ्यांनी महादेवाचं नाव घेऊन तो उचलायचा. रांगेतून कोणाची तरी झडती आली:

"आला रे आला पुनर्वसनवाला, खांबाले भाऊ बापच म्हनाला! बोला, हर हर महादेव!"

सगळ्या आखराने महादेवाचं नाव घेतलं. त्या नावाने तरी कोणाची जीभ आवरायला हवी होती.

 सहदेवने खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली, गुडघे वाकवले आणि हिसका दिला. ओल्या मातीतून खांब निघाला. वरचा बांबू कलला, तोरण तुटलं आणि आंब्याची पानं भगवंतरावांच्या बैलाच्या शिंगांत जाऊन अडकली.

मानाची जोडी निघायच्या आत तोरण पडलं. 

कुलदीपच्या हातात तुतारी होती, बैलाला टोचायची, टोकाला खिळा ठोकलेली काठी. त्याने ती भाल्यासारखी पुढे केली. खिळा सहदेवच्या गालातून आत गेला. कुलदीपने काठी मागे ओढली तेव्हा गाल ओठापर्यंत फाटत आला आणि सहदेवचे दात बाहेरून दिसायला लागले. तरी त्याने खांब सोडला नाही.

मग दगड आले. आधी एका बाजूने, मग दोन्ही बाजूंनी. ज्याला जे सापडलं ते त्याने उचललं. शिंगांत पानं अडकलेला बैल बिथरला, कासरा तोडून वळला आणि सरळ खांबावर आला. तानुबाई खांबावर पालथी पडली होती, तान्ह्यावर आई पडते तशी. बैलाचा खूर तिच्या डाव्या पंजावर पडला. पंज्याची हाडं मोडल्याचा आवाज मंजुषाला ऐकू आला. एवढ्या कल्लोळातसुद्धा तेवढाच आला.

"थांबा! भाऊजी, थांबा!" ती ओरडत होती. ताट कधीच पडलं होतं.

"रडून राह्यले लाकडासाठी!" कुलदीप कोणाच्या तरी बैलबंडीतून कुऱ्हाड घेऊन आला होता. त्याने तानुबाईला पायाने बाजूला लोटलं. "घ्या! घ्या तुमचं लाकूड!"

पहिला घाव चंद्रावर बसला. दुसऱ्या घावाने घोड्यावरचा माणूस कमरेत तुटला. तिसऱ्यासाठी कुऱ्हाड वर गेली, आणि सहदेवचा विळा खालून आला. कुलदीपची तीन बोटं चिखलात पडली, झेंडूच्या पाकळ्यांत. कुऱ्हाड त्याच्या पाठीमागे पडली. तो आपल्या हाताकडे असा पाहत राहिला, जणू तो कोणी दुसऱ्याने त्याच्या अंगाला लावला होता.

त्यानंतर गावाने सहदेवला मारलं. बैलांच्या जुवाच्या शिवळा, बैलबंडीच्या उभारण्या, काठ्या. त्याचा गुडघा मोडला तरी मारलं, तो हलायचा थांबला तरी मारलं. मारणाऱ्यांत मंजुषाचा नवरा देवानंद होता. त्याला तिने तोवर मुंगीसुद्धा चिरडताना पाहिलं नव्हतं. पियुष तिच्या कमरेत तोंड खुपसून ओरडत होता, "मीच सांगतलं काकाले, मीच सांगतलं."

पोलिसांची गाडी आली तेव्हा मारायला कोणी उरलं नव्हतं.

कुलदीपला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. सहदेवला आधी दवाखान्यात, मग कोठडीत, मग अकोल्याच्या जेलात. गावाचं म्हणणं एका दिवसात ठरलं. पुनर्वसनवाल्यांनी हत्यारं घेऊन पोळ्यावर हल्ला केला, तोरण तोडलं, पोरगा जन्माचा लुळा केला. खांबाचं कोणी नाव काढेना. पंचनाम्यात त्याची एक ओळ होती, सागाचे लाकूड, नग दोन. ते दोन नग चिठ्ठी बांधून ठाण्याच्या मालखान्यात पडले होते.

वस्तीतलं एकही पोर शाळेत आलं नाही. सतरंजीचा तो कोपरा रिकामा राहू लागला आणि उरलेली पोरं तिथे पाय ठेवेनात.

मंजुषा चौकशीला गेली तर तानुबाई ठाण्याच्या फाटकाबाहेर बसलेली, डावा हात प्लास्टरमध्ये. शिपाई वैतागून तिला सांगत होता, "आजी, पोरगा तुया अकोल्याले हाय. इथं कोनी नाई. काहून रोज येऊन बसतं?"

"बुढा हाय ना आत," तानुबाई म्हणाली.

"कोन बुढा?"

"माया. अंधारात टाकला तुमी त्याले."

शिपाई हसला, मग मंजुषाला पाहून आत निघून गेला. तानुबाईनेही तिला पाहिलं, आणि त्या बाजूला थुंकली.

घरी भगवंतरावांनी तिला समोर बसवलं. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तसा आताही चढला नाही. "उद्या तुले जबाब द्याचा हाय. मास्तरीन हायेस, तुया शब्दाले वजन हाय. म्हनजो, ते विळे उपसूनच आले आन् पयला वार त्याहीनं केला."

"मामाजी, विळे त्यांच्या कमरेला होते. हातात नव्हते."

"तेवढा फरक कोनाले समजते?"

"मला समजतो."

देवानंद दारात उभा होता. "कुलदीपची तीन बोटं गेली, मंजुषा. माया भावाची."

"माहीत आहे. मी उचलली होती ती चिखलातून. माझ्या पदरात बांधून दिली डॉक्टरला. पण आधी तुतारी गेली, मग विळा आला. आणि त्याच्याही आधी…"

त्याने तिला पुढचं बोलू दिलं नाही. थप्पड मारली, आणि थपडीने भागलं नाही म्हणून केस धरले आणि डोकं चौकटीवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा आपटायच्या आत त्याने केस सोडले. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. भगवंतराव उठून आत गेले, आणि देवघरात उदबत्ती लावल्याचा वास आला.

पियुष उंबऱ्यावर उभा होता. "पप्पा, नका मारू तिले. काकाले मी सांगतलं होतं देव हाय म्हून."

"आणि तुला मी सांगितलं होतं," मंजुषा म्हणाली.

सकाळी ती ओल्या फडक्याने जखम बांधून, पोराचा हात धरून ठाण्यात गेली. साहेबांनी फडक्याकडे पाहिलं आणि खुर्ची दिली. ती सांगत गेली, ते लिहीत गेले. बैल कोणत्या बाजूला होते, तुतारी कोणाची, कुऱ्हाड कोणाची, मारणाऱ्यांत कोण. नवऱ्याचं नाव आलं तेव्हा तिने पाणी मागितलं, पाणी पिऊन मग सांगितलं.

"बरं. ते लाकूड कोणाचं?"

"साहेब, ते लाकूड नाही. तो…"

जिभेवर पुन्हा तोच शब्द आला, तयार, गुळगुळीत. तो म्हटला असता तर साहेबांनी हातही जोडले असते. तिने तो गिळला.

"तो माणूस आहे."

पेन थांबलं. "असं कसं लिहू मॅडम?"

"असंच लिहा. देवमन नावाच्या माणसाचा मुंडा. वस्तीतल्या मोहाखाली तो बसवलेला होता. माझ्या दिराने तो न विचारता उपटून आणला, आणि नंतर कुऱ्हाडीने तोडला. ते लोक आपला माणूस मागायला आले होते, पोळा मोडायला नाही."

"मॅडम, घरच्यांवर जाईल हे."

"जाऊ द्या. आणि हेही लिहा, की तो देव आहे असं गावात पहिल्यांदा मी सांगितलं. माझं चुकलं तिथून हे सुरू झालं."

साहेबांनी ते लिहिलं. कायद्यात त्याचं काय करायचं हे त्यांनाही उमगलं नसावं, पण लिहिलं.

ठाण्यातून परत येताना खापरधरीच्या वेशीवर पहिला दगड तिच्या पाठीत बसला. दुसरा पियुषच्या पोटरीला लागला. कोणी मारला ते तिने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तोंड ओळखीचं निघालं असतं, कदाचित तिच्याच हाताखाली बाराखडी शिकलेलं. घरी तिची ट्रंक ओट्यावर काढून ठेवलेली होती, वर तिच्या पूजेचा डबा, नीट कापडात बांधलेला. तेवढी माया भगवंतरावांनी केली. तिने हिवरखेडात एक खोली घेतली. शाळेत ती रोज बसने येऊ लागली. रोज एक खिडकी फुटलेली असे. हेडसर म्हणत, बदली मागा बाप्पा मॅडम. ती काचा गोळा करून शिकवायला लागे.

तिच्या जबाबावरून कुलदीपवर, देवानंदवर आणि आणखी काही जणांवर गुन्हे लागले. आणि त्याच जबाबाच्या जोरावर वकिलाने सहदेवचा जामीन मागितला. कोर्टाने तो दिला, आणि मुंडाही ज्याचा त्याला द्यायला सांगितला.

ते दोन तुकडे वस्तीवर आले त्या दिवशी मंजुषा पियुषला घेऊन तिथे गेली. मोहाखाली नुसता खड्डा होता. शेजारी गोधडी अंथरून त्यावर दोन्ही तुकडे आडवे ठेवले होते, मध्ये वितीचं अंतर, दुखणाईत माणसाला निजवावं तसे. पुन्हा बसवायचा तर सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं.

सहदेव कुबडीवर उभा होता. गालावरची शिवण ओठापर्यंत आली होती, त्यामुळे तो हसतो आहे की रडतो आहे ते कळत नव्हतं. मंजुषाला पाहताच त्याने कुबडी उचलली आणि तिच्या खांद्यावर हाणली. तिचा हात बधिर होऊन खाली लोंबला. पियुष आईसमोर येऊन उभा राहिला. कुबडी पुन्हा वर गेली, पोराच्या डोक्यावर थांबली, आणि तिच्याशिवाय उभं राहता येत नाही म्हणून सहदेवने ती जमिनीवर टेकवली.

कोणी त्याला अडवलं नाही, तानुबाईनेही नाही.

"बाई," मंजुषा तानुबाईला म्हणाली, "माझं चुकलं. मी…"

"मले काय सांगतं?" तानुबाई म्हणाली. "मी जित्ती हाय. मीनं पाह्यलं सारं, आयकलं सारं. त्याले सांग. त्याले कोनं उठवलं, काहून उठवलं, अंधारात काहून टाकलं, काई सांगतलंच नाई कोनं. बिचारा कायचा कायी इचार करत असंल."

वस्तीतली माणसं सरकली आणि वाट झाली. मंजुषा गोधडीपाशी गेली. जमुना आज्याच्या उशाशी बसली होती, पुढच्या दाताच्या जागी खिंडार घेऊन. घोड्यावरच्या माणसाचं डोकं एका तुकड्यात होतं, घोडा दुसऱ्यात. गेरू अजून गेला नव्हता.

मंजुषाचे हात सवयीने जोडले जाऊ लागले. तिने ते सोडवले. मग चांगल्या हाताने पदर कपाळावरच्या व्रणावरून पुढे ओढला, घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषासमोर सून ओढते तसा, आणि खाली बसली.

"देवमनबा," ती पुस्तकी भाषेत सुरू झाली, "मी शाळेची शिक्षिका. माझ्याकडून…"

थांबली. असं कोणी सासऱ्याशी बोलतं का? तिने पुन्हा सुरुवात केली, जशी घरी बोलली असती तशी.

"बा, मी मंजुषा. भगवंतरावची सून. मीनं पोट्ट्यांले सांगतलं का तुमी देव हाये. तुमी देव नव्हते. तुमी मानूस. मले मानूस म्हनता नाई आलं. मीनं देव म्हटलं म्हून माया घरच्याहीनं तुमाले उठवलं…"

"मॅडम," जमुना म्हणाली.

मंजुषाने वर पाहिलं.

"जोरात बोला. आज्याले कमी आयकू येत होतं."

मंजुषाने श्वास घेतला. तिने आवाज चढवला आणि पहिल्यापासून, नावापासून, पुन्हा सांगायला लागली, इतक्या मोठ्याने की बांधापलीकडे खापरधरीच्या वावरात निंदणाऱ्या बायकांनी खुरपी थांबवली.